भोवऱ्याच्या सोबतीची शेळी

"काका, शर्यत घोडा जिंकला, मग फोटोत मधोमध शेळी कशाला?"

मित्रांनो, आमच्या ट्रेनरच्या मुलीने तिच्या मैत्रिणींनी पैज लावली म्हणून हा प्रश्न घोड्याच्या मालकांना भर पार्टीत विचारला. पाहुणे पोट धरून हसले. मालक कानापर्यंत लाल झाले. त्या फोटोतली शेळी म्हणजे मी. आता म्हातारी झाले आहे, एक शिंग अर्धंच उरलं आहे, पण नोकरी चालू आहे.

शर्यतीचे घोडे दिसायला राजबिंडे, मनाने मात्र भित्रे. एकटे पडले की ठाणात गरागरा फिरतात, खाणं सोडतात. म्हणून सोबतीला मी. मी विशेष काही करत नाही. शेजारी बसून रवंथ करते. घोड्याला वाटतं, ही एवढी निवांत आहे, म्हणजे सगळं ठीक असणार. माझा आधीचा एक घोडा वर्षातली सर्वांत मोठी शर्यत जिंकला, तेव्हाचाच तो फोटो; मलाही हार घातला होता. मी तो खाल्ला.

त्या शर्यतीत फक्त तीन वर्षांचे घोडे धावतात. जन्मात एकच संधी. जिंकणाऱ्याचं नाव कायमचं फलकावर लागतं. हरणाऱ्याला पुढचं वर्ष नसतं. यंदा पाळी आमच्या भोवऱ्याची होती.

पण पार्टीनंतर मालकांनी बजावलं, "यंदा शेळी मैदानावर दिसता कामा नये." मला मागे गवताच्या खोलीत बांधलं. भोवऱ्याने दाणा हुंगलासुद्धा नाही. फिरून फिरून तो घामाने निथळला.

शर्यतीच्या सकाळी तो गाडीत चढेना.

"आणा ना शेळीला," मुलीची आई म्हणाली. "घोडा उपाशी पळणार आहे का?"

"आणतो. आणि मालकांनी चिडून घोडा दुसऱ्या ट्रेनरकडे नेला, की तो दाणा मीच खातो," मुलीचे बाबा म्हणाले.

मित्रांनो, पळणाऱ्याकडे सगळे बघतात. त्याच्याजवळ कोण बसतं, तिकडेही कधी बघा. हार नसला तरी चालेल, पण आम्हाला असं तोडून बांधू नका.

मुलीने माझा दोर सोडला आणि मला गाडीत चढवलं. भोवऱ्याने कान टवकारले, माझी पाठ हुंगली आणि तो मुकाट्याने मागोमाग आत आला. थोड्या वेळाने त्याने दाण्याला तोंड लावलं. मुलगी गवताच्या पेंढीवर बसली.

"उतर खाली," बाबा म्हणाले. "मालकांना मी काय सांगू?"

"तुम्ही काहीच सांगू नका. मी हिच्याबरोबर मैदानावर येणार आणि शेळी मी आणली, हे त्यांना सगळ्यांसमोर मीच सांगणार. आई, गाडीचं दार लाव."