कुलपातले कॉम्प्युटर

खेड्यांतल्या हुशार मुलांसाठी म्हणून १९८९ साली सरकारनं कॉलेजला दोन कॉम्प्युटर दिले. प्राचार्य दिनकररावांनी ते खोलीत ठेवून कुलूप लावलं. "गावाकडची पोरं, धुळीचे हात. बिघडलं तर जबाबदार कोण?" मग गणिताच्या सुमंगलाबाईंनी अकरावीच्या बारा मुलांना वर्षभर फळ्यावरच प्रोग्रॅम शिकवले.

फेब्रुवारीत तपासणीला शिक्षण खात्याचे साहेब आले, तेव्हा कुलूप निघालं. राणीसावरगावहून एसटीनं येणाऱ्या मनकर्णाला प्राचार्यांनी मशीनसमोर बसवलं.

"एक ते शंभरची बेरीज करून दाखव," साहेब म्हणाले.

प्रोग्रॅम तिला तोंडपाठ होता. पण एकेक अक्षर शोधत तिचं बोट कीबोर्डवर भिरभिरत राहिलं.

"वर्षभर शिकतेस ना? मग अक्षरं कुठं आहेत तेही माहीत नाही?"

दिनकरराव हसले. "खेड्यातली आहे साहेब. डोकं जरा मंद."

मनकर्णा मान खाली घालून एकेक अक्षर दाबत राहिली.

"मंद?" सुमंगलाबाईंचा आवाज चढला. "साहेब, हिनं हे मशीन आज पहिल्यांदा हाताळलंय! वर्षभर ही खोली यांनी बंद ठेवली!"

"बाई, बाहेर व्हा!" दिनकरराव ओरडले.

"नाही होणार."

साहेबांनी मनकर्णाला विचारलं, "खरंय का?"

"हो सर. आमी खिडकीतून बघायचो. आत कधी येऊच दिलं न्हाई." तिनं शेवटचं बटण दाबलं. पडद्यावर ५०५० उमटलं.

साहेबांनी सगळं अहवालात लिहिलं आणि त्याच आठवड्यात खोली मुलांना मोकळी झाली. मुलं खुशीत होती. सुमंगलाबाईंना मात्र वाया गेलेल्या वर्षाचा संताप आवरेना. दिनकररावांना नमस्कार करणं त्यांनी सोडलं ते कायमचंच.