पुलापाशी डबल बेल

आमच्या एसटीचा ड्रायव्हर माझा नवरा आहे आणि कंडक्टर मी. लोक म्हणतात, नशीबवान आहेस शिवानी, नवरा दिवसभर नजरेसमोर. नशीब कसलं डोंबलाचं! प्रवाशांसमोर भांडता येत नाही, म्हणून दिवसभराचं सगळं भांडण साठवून उत्रोलीला घरी न्यावं लागतं.

भोरहून पासलीकडे जाताना आमच्या वाटेवर संस्थानच्या काळातला दगडी पूल लागतो. देखणा आहे, यात वाद नाही. पण गेल्या उन्हाळ्यात त्याच्या मधल्या खांबाला भेग दिसली आणि वादाला तोंड फुटलं. पलीकडच्या गावांचे पुढारी कुंडलिक म्हणाले, पाडा आणि नवा बांधा, आमची दुधाची किटली आणि आजारी माणूस ह्याच पुलावरून जातो. भोरातले दीनानाथकाका म्हणाले, पाडायचा नाही, नीट दुरुस्त करा. नवा होईपर्यंत चार वर्षं तुम्ही काय पोहत येणार? काकांचे आजोबा या पुलाच्या कामावर देखरेखीला होते. काकांनी वकिली सोडली, पण वाद घालायचं सोडलं नाही. पंचाईत अशी, की जो बोलायचा त्याचंच बरोबर वाटायचं.

शेवटी बैठकीत तोडगा निघाला. कायमचा निर्णय होईपर्यंत प्रवाशांनी पुलाआधी उतरायचं, गाडी रिकामी पलीकडे न्यायची, मग प्रवाशांनी चालत जाऊन पुन्हा बसायचं. साप मरावा आणि काठीही तुटू नये. दोन्ही बाजूंनी टाळ्या वाजवल्या. रिकाम्या गाडीत गोरख असणार, हे कुणाच्या मनातही आलं नाही. गोरख म्हणजे माझा नवरा.

तेव्हापासून रोज तेच. सगळ्यांना उतरवायचं, शेवटी पायरीवर उभं राहून बेलची दोरी दोनदा ओढायची आणि मी खाली उतरायचं. डबल बेल मिळाल्याशिवाय एसटीचा ड्रायव्हर गाडी हलवत नाही. बेल मिळाली की गोरख एकटा निघायचा. गाडी पलीकडे टेकेपर्यंत माझा जीव टांगणीला. तिकडं पोचला की हात बाहेर काढून ओरडायचा, "या कंडक्टरबाई, चालत या! तब्येतीला बरं आसतं!" मला रागही यायचा आणि धीरही. गाडीचं, रस्त्याचं त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं. तोच इतका बिनघोर, तर मी कशाला घाबरू?

भाद्रपदात नदी चढली. गौरी यायच्या आदल्या दिवशी गाडी मधल्या कमानीवर असताना एक दगड निसटून पाण्यात पडला. मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. घरी सांगितलं, तर गोरख भाकरी मोडत म्हणाला, "दगडच पडला न्हवं? पूल तर न्हाई पडला." मग अर्धी भाकरी तशीच ठेवून उठला. मला वाटलं, दमला असेल.

गणपती गेल्यावर पुलाच्या पाहणीला बांधकाम खात्याचे एक साहेब आले. आम्ही पोचलो तेव्हा पुलाच्या तोंडाशी जत्रा भरली होती. एका बाजूला कुंडलिक आणि त्यांची माणसं, दुसऱ्या बाजूला काका आणि भोरातली मंडळी. नेहमीप्रमाणे मी प्रवाशांना उतरायला सांगितलं, तेवढ्यात कुंडलिक आडवे आले.

"कुणी उतरू नका! सायेब, भरल्या गाडीनं पूल कसा हादरतोय, त्ये डोळ्यांनी बघा. आमीबी बसतो."

"खुशाल बसा," काका म्हणाले. "मीसुद्धा बसतो. काही हादरत नाही, हेही साहेब बघतील."

या दोघांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. काका ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसले, कुंडलिक त्यांच्याशेजारी. पाठोपाठ दोन्हीकडची माणसं चढली. खाली पाणी कमानीच्या पोटाला लागलं होतं. आत कुणाच्याही तोंडावर रंग नव्हता, पण आधी उतरून स्वतःचं नाक कोण कापून घेणार?

"हं, द्या बेल," कुंडलिक म्हणाले.

"न्हाई देणार," मी म्हणाले. "गाडी रिकामी न्यायची, आसं तुमीच ठरवलंय."

"आगं, तू पासलीची लेक ना? आन् आमच्याच आडवी येतीस?"

"लेक हाय म्हणून तर सांगते. माझी आई तिकडंच ऱ्हाती. मलाबी पूल पायजे. उतरा समदे."

"मुली, तुला माहीत नाही हा पूल काय आहे," काका म्हणाले.

"माहीत करून घ्यायला माझ्या गाडीत एवढी माणसं नकोत, काका."

बरीच बाचाबाची झाली. शेवटी साहेब वैतागून म्हणाले, "बरं, रिकामी जाऊ द्या. तशी तर रोज जातेच ना?"

मग मात्र गाडी अशी भराभर खाली झाली की विचारू नका. सगळ्यांना सुटल्यासारखं झालं होतं. मी पायरीवर उभी राहिले आणि दोरीला हात घातला. गोरख आरशातून माझ्याकडे बघत होता, रोज बघतो तसा. मला तो पाण्यात पडलेला दगड दिसत होता. हात खाली ओढवेना.

"द्या की बाई! रिकामीच तर हाय!" मागून कुणीतरी ओरडलं.

माझं टाळकं सरकलं.

"रिकामी? नवरा हाय माझा आत! ज्याला खात्री हाय ना, त्यानं यावं आन् ही दोरी वढावी. मी बाजूला होते."

मी खरंच खाली उतरले. कुणी हललं नाही. मग दीनानाथकाका पुढे आले. मला वाटलं होतं, ते येतील. त्यांचा पुलावर खरा जीव होता. दाराचा दांडा धरून ते पायरीवर चढले आणि त्यांनी दोरी धरली. तेवढ्यात गोरखने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

"तुझं नाव काय रे?" काकांनी विचारलं.

"गोरख."

"मुलं?"

"एक पोरगी हाय. चौथीत."

काका तसेच उभे राहिले. मग त्यांनी दोरी सोडली, सावकाश खाली उतरले आणि कुंडलिककडे बघून म्हणाले, "माझ्याच्यानं होत नाही. तू ओढ."

"म्या?" कुंडलिक म्हणाले. "म्या तर आधीपास्नं सांगतोय, पूल चांगला न्हाई म्हणून."

"मग रोज जाऊ देत होतास ते?"

कुंडलिकांनी नदीकडे तोंड फिरवलं. साहेब हातातल्या मोबाईलकडे बघत राहिले.

आणि गोरखने इंजिन बंद केलं.

तो आपल्या दारातून उतरला, गाडीला वळसा घालून आला आणि पायरीवर टेकला. टेकला म्हणजे काय, त्याचे पायच गेले. शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. माझा नवरा असा मी लग्नानंतर कधीच पाहिला नव्हता.

"रोज वाटायचं, आज तरी तू बेल देणार न्हाईस," तो खाली बघत म्हणाला.

"मग बोलला का न्हाई, अहो?"

"तू बेल द्यायचीस ना. म्हणलं, तुला खात्री आसंल."

मी त्याच्याशेजारी पायरीवर बसले आणि सगळ्यांदेखत रडले.