ॲटरकॉपच्या गळ्यावरचा खंजीर

इंग्रजी भाषेचं रक्षण करणं हे या देशातलं सर्वांत पवित्र काम आहे, आणि ते मी एकतीस वर्षं केलं. त्यातली नऊ वर्षं पहिल्या अक्षरावरच गेली.

आमच्या शब्दकोशात मेलेल्या शब्दापुढे छोटासा खंजीर छापत. 'ॲटरकॉप' या शब्दापुढे तो मुद्रितात लागलासुद्धा होता. उत्तरेकडच्या खेड्यांत म्हातारी माणसं कोळ्याच्या जाळ्याला ॲटरकॉप म्हणतात, असं माझं म्हणणं. 'म्हणत', असं आमचे संपादक डॉक्टर ट्रेंडल यांचं. यावरून मी त्यांच्याशी सगळ्या कचेरीसमोर भांडलो होतो, आयुष्यात पहिल्यांदाच.

"सोमवारी पान छापायला जाईल," ते शांतपणे म्हणाले. "त्याआधी जिवंत माणसाच्या तोंडून ऐकून या. नाहीतर शब्दाबरोबर तुमचंही मत पुरून टाकू."

हा शब्द वापरणाऱ्या तिघांची नावं माझ्याकडे होती. दोघं माझ्या पत्राचं उत्तर द्यायच्या आत वारले. त्यामुळे शनिवारी यॉर्कशरच्या डोंगरातल्या एका खेड्यात तिसऱ्या, मिसेस अल्डरसन, यांनी स्वतः दार उघडलं, तेव्हा मला हायसं वाटलं. वय सत्त्याऐंशी. मग त्या खोकल्या, आणि हायसं वाटायचं थांबलं.

आमचा एकच कडक नियम होता. शब्द आपण उच्चारायचा नाही. आडून विचारायचं; समोरच्यानं आपणहून म्हटला, तरच धरायचा.

चहा आला, केक आला. सव्वाचार झाले होते आणि शेवटची बस पाचला.

"छताच्या कोपऱ्यात धूळ धरून जे लोंबतं, त्याला तुम्ही काय म्हणता?"

बाईंनी कप खाली ठेवला. "कुठं लोंबतंय?"

"इथं नाही हो. एरवी."

"आमच्याकडे एरवीही लोंबत नाही, साहेब."

मी वहीत कोळी काढून दाखवला. "हा जे विणतो ते?"

"हा माझ्या घरात विणत नाही." त्यांनी मला नीट न्याहाळलं. "तुम्ही आरोग्य खात्याकडून आलात का?"

पावणेपाच. केकचा कण त्यांच्या घशात अडकला. मी उडी मारून पाठ चोळली, पाणी पाजलं. भीती त्यांच्यासाठी वाटली की शब्दासाठी, हे मला कुणी विचारू नये.

"लहानपणी कधी?" मी गयावया करत म्हणालो. "आईच्या घरी?"

"माझ्या आईच्या?" बाईंचा चेहरा लाल झाला आणि पाहुण्यांसाठी ठेवणीतली शुद्ध बोली गळून पडली. "माझी आय जिमीन चाटून घ्यावी अशी ठिवायची, बाळा. तसलं बगायचं तर त्या शेजारच्या एडनाकडं जा. भिताडं दिसत न्हाईत तिच्या घरात. पडद्याला ॲटरकॉप, घड्याळाला ॲटरकॉप, नवऱ्याच्या टोपीला बी ॲटरकॉप."

मी वही पुढे ओढली. शब्द लिहिला. तारीख, वेळ, गाव. आणि खाली, ठळक अक्षरांत, ॲग्नेस अल्डरसन. खंजीर उपटायला एवढं पुरेसं होतं.

बाईंनी चष्मा लावून वहीत डोकावलं.

"हे छापणार?"

"छापणार. इंग्रजी भाषा असेपर्यंत राहील."

त्यांनी आपल्या नावावरून पुन्हा एकदा नजर फिरवली. मग माझ्या पेन्सिलीकडे बोट दाखवून हळूच म्हणाल्या,

"तेवढं माझं नाव खोडून एडनाचं घाला."