कालचा पाऊस आणि दोन वर्षांची तहान

मित्रांनो, मी एक जुना पर्जन्यमापक आहे. पाऊस मोजणं हे माझं काम. येणारे-जाणारे मला खुशाल डबा म्हणतात आणि माझ्या अंगाचा तिळपापड होतो. अहो, डब्यात काय, शेवसुद्धा ठेवतात! माझ्यात फक्त आभाळातून पडलेलं पाणी जातं आणि त्यातला थेंबही मी इकडचा तिकडे करत नाही. बाहेरून तांब्याचं अंग, वर नसराळं, आत बाटली आणि जोडीला खुणा केलेलं काचेचं मोजपात्र, एवढाच माझा संसार.

ज्या कारागिराने मला घडवलं तो माझ्या तोंडाची गोलाई पुन्हा पुन्हा तपासायचा. तोंड जरा चेपलं तर पाऊस खोटा ठरतो, असं म्हणायचा. तिथून मी वसईतल्या एका शाळेच्या मैदानात आलो. भूगोल शिकवणाऱ्या उर्सुला टीचर रोज सकाळी माझ्यातलं पाणी मोजायच्या. आणि पोरं म्हणजे काय सांगू! अतिवृष्टीची सुट्टी मिळावी म्हणून आपल्या पाण्याच्या बाटल्या माझ्यात रिकाम्या करायची. बाहेर कडक ऊन आणि माझ्या पोटात धो धो पाऊस! टीचर मोजपात्र उंच धरून विचारायच्या, "काय रे, काल ढग फक्त आपल्याच शाळेवर आला होता का?" सगळे हसायचे. त्या हसणाऱ्यांत हरेश राऊत आणि त्याची धाकटी बहीण द्वारकाही असायची. ही भावंडं पुढे माझ्या गोष्टीत येणार आहेत.

मग शाळेची नवी इमारत झाली आणि मला मोडक्या बाकांबरोबर भंगारात टाकलं. कोणाला काही वाटलं नाही. मला मात्र फार लागलं. टीचर तोवर निवृत्त झाल्या होत्या. त्यांना कळलं तशा त्या रिक्षा करून आल्या आणि मला मांडीवर घेऊन राजोडीजवळच्या आपल्या वाडीत गेल्या. तिथे झाडांपासून दूर, मोकळ्या जागी त्यांनी माझ्यासाठी चौथरा बांधला. शेजारी हरेशची वाडी, केळीची आणि पानवेलीची. दोन्ही वाड्यांच्या बांधावर एक सामायिक विहीर आहे. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही तिचं पाणी गोडं. सगळी आळी तेच पिते. ते गोडं पाणी राहतं की कायमचं जातं, अशी वेळ यंदा आली.

त्याआधी एक समजून घ्या. मी फक्त कालचं सांगतो. काल किती पडला, एवढंच. पण दुष्काळ काही एका दिवसाचा नसतो. म्हणून टीचरनी ओटीवरच्या भिंतीला चार उभ्या पट्ट्या ठोकल्या आहेत आणि प्रत्येक पट्टीवर कपडे वाळत घालायचा एकेक चिमटा लावला आहे. पट्टीच्या मधोमध रेघ आहे. ती रेघ म्हणजे त्या पट्टीच्या काळात इथे एरवी साधारण पडतो तेवढा पाऊस. चिमटा रेघेच्या वर असेल तर पाऊस जास्त, खाली असेल तर तूट. पहिली पट्टी गेल्या एका महिन्याची, दुसरी तीन महिन्यांची, तिसरी वर्षाची आणि चौथी दोन वर्षांची. मी रोज जे सांगतो, त्याची बेरीज करून टीचर चिमटे वर-खाली सरकवतात. आळीतल्या मुलांना त्या सांगतात, "महिन्याची तूट भाजीला कळते. तीन महिन्यांची भाताला कळते. वर्षा-दोन वर्षांची तूट विहिरीला कळते, पण विहीर लवकर बोलत नाही."

मित्रांनो, मागचे दोन पावसाळे हात आखडूनच पडले. यंदा तर जून कोरडा गेला, जुलै कोरडा गेला. माझ्या नसराळ्यात कोळ्याने निवांत जाळं विणलं. ओटीवरचे चारही चिमटे रेघेखाली बसले होते. टीचर आणि हरेश यांनी ठरवलं की विहिरीवर मोटर लावायची नाही, पोहऱ्याने शेंदायचं, पिण्यापुरतं. हरेशची पानवेल सुकायला लागली तरी त्याने शब्द पाळला. रोज संध्याकाळी तो विहिरीत डोकावायचा आणि तसाच घरी जायचा. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता.

आणि मग गणपतीच्या सुमाराला तो आला. आला म्हणजे कसा, आभाळ फाटल्यासारखा! टीचर छत्री सांभाळत पुन्हा पुन्हा येऊन मला रिकामा करायच्या आणि त्यांची पाठ वळते न वळते तोच मी भरायचो. नालासोपाऱ्यात रस्त्यांवर कमरेएवढं पाणी. वाडीत पाट वाहिले आणि तसेच खाडीला जाऊन मिळाले. विहीर वरच्या पायरीपर्यंत आली. पहिला चिमटा टुणकन पट्टीच्या टोकाला गेला, दुसरा कसाबसा रेघेपर्यंत पोचला. तिसरा जरासा सरकला. चौथा मात्र हलला न हलला. पण चौथ्याकडे बघायला सवड कोणाला होती?

पाऊस थांबला आणि सकाळीच हरेश मोठी मोटर घेऊन हजर. मागे पाण्याचा टँकर. टँकरचा ड्रायव्हर केनी हॉर्न वाजवत होता.

टीचर लगबगीने ओटीवर आल्या. "हे काय, हरेश?"

"टीचर, द्वारकेचा फोन आला. नालासोपाऱ्यात तिच्या बिल्डिंगच्या टाकीत गटाराचं पाणी शिरलंय, नळ बंद. लहान पोरं उलट्या करतायत तिथे. म्हणाली, दादा, दुष्काळात तेरावा महिना झालाय आमचा. आणि आपली विहीर बघा, तुडुंब!"

"मग पोहऱ्याने शेंदून कॅन भर ना. मी पण हात लावते. मोठी मोटर नको, बाबा."

"पोहऱ्याने अख्ख्या बिल्डिंगची तहान भागते होय?"

हे त्याचं काही चूक नव्हतं. टीचरनाही ते कळत होतं. तरी त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. "चौथा चिमटा बघ. दोन वर्षं विहिरीचं पोट भरलेलं नाही. आता दिसतंय ते वरवरचं. गोड्या पाण्याचा थर दुधावरच्या सायीएवढा राहिलाय आणि त्याच्याखाली खारं पाणी आहे. मोटरने जोरात ओढलंस की ते खारं वर येईल. एकदा आलं की गोडं व्हायला कित्येक पावसाळे जातात. आळीने काय प्यायचं मग?"

हरेश तडक माझ्याकडे आला. मला चौथऱ्यावरून उचललं, ओटीवर आणून आदळलं आणि आतली बाटली बाहेर काढली. "हा घ्या, तुमचाच डबा काय बोलतोय बघा! काठोकाठ! ह्याच्यापुढे चिमट्यांचं काय घेऊन बसलात?"

अरे देवा! मला तेव्हा बोलता आलं असतं तर घसा फोडून ओरडलो असतो. अरे हरेश, तू मला कालचं विचारलंस, मी कालचं सांगितलं! मागचं विचार ना! माझं एकही माप खोटं नव्हतं आणि माझ्याच मापाने विहिरीचा गळा धरला जात होता. असं हतबल मला भंगारातही वाटलं नव्हतं.

विहीर निम्मी हरेशची. टीचर त्याला अडवू शकत नव्हत्या. बहिणीची पोरं तहानलेली असताना अडवायचं तरी कोणत्या तोंडाने? त्यांनी घरातून काचेचा पेला आणला, मोटरच्या पाइपाजवळ खुर्ची टाकली आणि बसून राहिल्या. मोटर सुरू झाली. असा दणका मी त्या वाडीत कधी ऐकला नव्हता. पहिला टँकर भरेपर्यंत टीचर थोड्या थोड्या वेळाने पेला पुढे करून घोटभर पाणी चाखत होत्या. गोडं. दुसरा टँकर आला. गोडंच. हरेश हसून म्हणाला, "बघितलंत? उगाच घाबरवलंत." टीचर हसल्या नाहीत. विहिरीची एकेक पायरी उघडी पडत होती आणि मी ओटीवरून ते बघत होतो.

तिसऱ्या टँकरबरोबर द्वारका स्वतः आली. केनीच्या शेजारून ती उतरली तेव्हा तिचे डोळे जागरणाने लाल झाले होते. तिने टीचरना वाकून नमस्कार केला. "टीचर, तुमच्या विहिरीने वाचवलं आम्हांला," ती म्हणाली. टीचरनी तिच्या गालाला हात लावला आणि त्याच हाताने पेला भरून घेतला. घोट घेतला. त्यांचा चेहरा बदलला.

"हरेश, मचूळ लागतंय."

हरेश ओंजळ भरून प्यायला. "छे! मला तर गोडंच लागतं."

"तोंडात पान कोंबलंयस, तुला कसली चव कळतेय?"

"टीचर, ही शेवटची खेप. एवढी भरू दे. माझी शपथ."

"खेप शेवटची आहे रे. विहीर शेवटची ठरायला नको."

कोणीच हलेना. मोटर धडधडत होती आणि पाइपातून पाणी टँकरमध्ये कोसळत होतं. ते मचूळ होत चाललं होतं, आणि ते बंद करायला कोणी पुढे येत नव्हतं. मला वाटलं, संपलं आता सगळं.

तेवढ्यात द्वारकेने टीचरच्या हातातला पेला घेतला. पाइपाखाली धरला. प्याली. डोळे मिटून दुसरा घोट घेतला. मग ती सरळ चालत गेली आणि तिने मोटरचं बटण बंद केलं.

"ताई, टाकी अजून भरली नाही... अर्धीच झालीय," केनी गडबडला.

"अर्धीच ने."

हरेश संतापला. "अगं, तुझ्यासाठीच चालवली ना मी! तुझ्या बिल्डिंगसाठी!"

"कळतंय रे दादा. पण माझ्यासाठी विहीर मारू नकोस." तिचा हात बटणावरच होता. "आज तू मला पाणी देशील. वैशाखात मी कोणाच्या दारात जाऊ?"

हरेश मटकन विहिरीच्या कठड्यावर बसला. चूळ भरून त्याने तोंडातलं पान टाकलं आणि पेला मागून घेतला. ह्या वेळी त्याला चव कळली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं. टीचरनी मला उचलून पुन्हा चौथऱ्यावर ठेवलं.

विहीर मचूळ झाली ती झालीच, आणि पुढचे दिवस फार वाईट गेले. त्या पाण्यात कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या तरी टीचरच्या तुरीच्या डाळीचा दाणा शिजेना. आळीतले लोक हरेशला तोंडावर बोलले आणि त्याने मान खाली घालून ऐकून घेतलं. केळीच्या पानांच्या कडा करपल्या. पोहरे बंद झाले. घरोघरी विकतच्या पाण्याचे जार आले. विहीर परत गोडी होईल का, हे कोणी सांगू शकत नव्हतं.

अशातच एका दुपारी पाऊस पुन्हा आला. चांगला झोडपून आला. आणि त्या पावसात द्वारका दोन रिकामे कॅन घेऊन वाडीत शिरली. त्यांचे नळ अजून गढूळच होते. तिला पिण्यापुरतं हवं होतं, पोहऱ्याने शेंदलेलं. हरेशने पोहरा सोडला, पाणी चाखलं आणि मान हलवली. "अजून नाही गं, द्वारके." तिने वाद घातला नाही. "बरं," म्हणाली आणि वळली.

भर पावसात नखशिखान्त भिजलेली बाई रिकामे कॅन घेऊन परत चालली होती. माझ्यात पाणी चढत होतं आणि मला माझीच लाज वाटत होती.

"अगं वेडे!" टीचर ओटीवरून ओरडल्या. त्या इतक्या जोरात ओरडल्या की द्वारका दचकली. "कुठे निघालीस? डोक्यावर काय पडतंय ते बघ! पागोळीखाली धर ते कॅन!"

अहो, इतकी माणसं, इतकी अक्कल, आणि छपरावरून वाहून जाणाऱ्या पाण्याकडे कोणाचं लक्षच नव्हतं! पहिल्या सरींनी कौलं धुऊन निघाली होतीच. हरेश धावत जाऊन मलमलचं फडकं घेऊन आला आणि कॅनच्या तोंडाला बांधलं. टीचरनी हंडे आणले, कळश्या आणल्या, सुरईसुद्धा आणली. द्वारका कॅन धरून पागोळीखाली उभी राहिली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली. "उकळून प्या गं, पोरांनाही उकळूनच द्या," टीचर बजावत राहिल्या. आळीतल्या बाया आपापल्या पागोळ्यांखाली भांडी लावायला पळाल्या. त्या दिवशी विहिरीतून कोणी थेंबही नेला नाही, आणि तरी द्वारका भरलेले कॅन घेऊन गेली.

मित्रांनो, विहिरीची चव आता थोडी सुधारली आहे. पूर्ण गोडी व्हायला वेळ लागणार. चौथा चिमटा अजून रेघेखालीच आहे. तुम्हांला माझी हात जोडून विनंती आहे. माझ्यात पाणी भरलं की आनंद जरूर करा, पण एका दिवसाच्या पावसाने दोन वर्षांची तूट भरली असं समजू नका. आज पडलेलं पाणी आज प्या. विहिरीत आहे ते वैशाखासाठी राहू द्या, कारण तेव्हा मी रिकामा असेन आणि तुम्हांला द्यायला माझ्याकडे काहीच नसेल.