थोरांची ओळ राहील

तरुण प्रोग्रॅमर मैरझानने पाठवलेला बदल कुल्पाशने सोमवारी सकाळी तपासायला उघडला. कोड एकशे बारा ओळींचा आणि वरचं निवेदन तीन पानांचं. प्रमाण बघूनच तिने ओळखलं, माल खराब आहे. लग्नात पेला हातात घेऊन उभं राहावं तसा गडी सुरू झाला होता. आधी सर्वांना उदंड आयुष्य, मग कंपनीची भरभराट, मग संचालक तोलेगेन यांची दूरदृष्टी, मग पूर्वज. पूर्वज आटोपल्यावर, एकदाचा, बदल.

बदल होता ‘तुयिन’मध्ये. चौदा वर्षांपूर्वी आल्माटीतल्या याच कंपनीत कुल्पाशने दोघा सोबत्यांना घेऊन ते लिहिलं होतं. दहा-वीस प्रोग्रॅमर एकाच कोडवर हात चालवतात, तेव्हा कुठली ओळ कुणी कधी बदलली याची नोंद तुयिन ठेवतं. दोघांनी एकच ओळ वेगवेगळी बदलली, तर ते थांबतं, दोन्ही ओळी समोर ठेवतं आणि विचारतं, यातली कुठली ठेवू? ओळ साहेबांची की शिकाऊची, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. कुल्पाशच्या मते कंपनीतला तेवढाच एक कर्मचारी असा होता. सोबत्यांपैकी एक परदेशी गेला, एक बँकेत. तुयिनमध्ये काय शिरेल याचा शेवटचा शब्द तिचा उरला होता.

मैरझानला तुयिनचं हे विचारणंच खटकलं होतं. ‘आपल्या संस्कृतीत धाकटा थोरांपुढे वाकतो,’ त्याने लिहिलं होतं. ‘मग आपल्या अवजाराने उद्धटपणे प्रश्न का विचारावा? यापुढे थोरांची ओळ राहील.’ धाकट्याची गुपचूप गळेल. थोर कोण, ते एका फाइलीत क्रमवार लिहिलेलं. फाइलीचं नाव ‘तोर’. दारापासून सगळ्यात लांब, पाहुण्यांतल्या वडीलधाऱ्याला बसवतात ती मानाची जागा.

“बाई गं,” कुल्पाश पडद्याला म्हणाली, “पंगतीत मानाचं मेंढीचं डोकं कुणापुढे ठेवायचं तेवढंच लिहायचं राहिलंय.”

तरी तिने तो बदल नीट तपासला. तुच्छता वेगळी आणि आळस वेगळा, हा तिचा जुना हिशेब. वरच्या मजल्यावर दवाखान्यांसाठी औषधांची प्रणाली लिहिणाऱ्या गटातली मोल्दिर तिने बोलावून घेतली. चोवीस वर्षांची, कमी बोलणारी, आणि कुल्पाशच्या मते त्या मजल्यावर कोड खरोखर वाचणारी एकटीच. कुल्पाशला ती मानाने आपाय, म्हणजे ताई, म्हणे.

“गेल्या महिन्यात तू बाळांच्या डोसाची ओळ दुरुस्त केलीस ना?”

“हो आपाय. पाच होतं, शून्य पूर्णांक पाच केलं. दशांशचिन्ह राहिलं होतं.”

“आणि तुझ्या साहेबांनी?”

“त्याच दिवशी त्याच ओळीत त्यांनी नाव बदललं. ‘डोस’चं ‘मात्रा’ केलं. आकडा पाचच.”

“तुयिनने विचारलं तेव्हा?”

“मी दोन्ही घेतले. नाव त्यांचं, आकडा माझा.”

कुल्पाशने तोच प्रसंग मैरझानच्या बदलासकट पुन्हा चालवला. तुयिन थांबलं नाही, विचारलं नाही. ओळ आली साहेबांची. मात्रा, पाच. खाली हिरव्या अक्षरात ‘सर्व सुरळीत’.

मोल्दिरने पडद्यावरच्या पाचावर बोट ठेवलं. “दहापट,” ती म्हणाली. “आणि मला कळलंसुद्धा नसतं.”

कुल्पाश तो कागद छापून संचालकांकडे गेली. तोलेगेनला सगळे मानाने तोके म्हणत. टेबलावर कुर्तच्या, म्हणजे खारट सुक्या चक्क्याच्या, गोळ्यांची वाटी, भिंतीवर घोडे. शुक्रवारी सरकारी समिती येणार होती, आणि ‘परंपरेवर उभं असलेलं जगातलं पहिलं अवजार’ असा फलक छापून झाला होता. बदलाच्या आधी फलक.

“कुल्पाश, भीतीदायक आहे खरं,” तोके कागद लांब धरून म्हणाले. “पण मुलीने साहेबांना तोंडी सांगायचं ना.”

“काय सांगायचं? ओळ गळल्याचं तिला कळणारच नाही, तोके.”

“तू फार बारीक बघतेस.”

“त्याचाच पगार देता तुम्ही.”

तोकेंनी एक गोळी तोंडात टाकली. “हे बघ, गुरुवारपर्यंत तुझी मंजुरी पडू दे. नाहीतर तुयिनची जबाबदारी मैरझानकडे देतो. तो तरुण आहे, उत्साही आहे. तुलाही आराम.”

“बाळांनाही,” कुल्पाश म्हणाली आणि बाहेर आली.

जिन्यात ती थांबली. मंजुरी दिली तर त्या पाचाशेजारी तिचं नाव कायमचं चिकटणार. नाही दिली, तर मैरझान स्वतःच स्वतःला मंजुरी देणार. बाळांच्या जिवाने ज्या तोकेंचा घास अडकला नाही, त्यांचा कशाने अडकेल? चौदा वर्षं ती या लोकांसोबत जेवली होती. कोण कुणाच्या वर बसला, कुणाला मेंढीच्या कानाचा तुकडा मिळाला नि कुणाला मानेचा, यावरून कोण किती वर्षं अबोला धरतो, हे तिला पाठ होतं.

जागेवर येऊन तिने बदलाखाली अभिप्राय लिहिला. डोसाचा प्रयोग सगळा मांडला, निकालासकट. त्याखाली एकच प्रश्न टाकला: ‘तोर ही फाइल वयाने लावली आहे की हुद्द्याने? सर्वांनी आपापला क्रम तपासून घ्यावा.’ आणि तो सगळ्या कंपनीला पाठवला.

दुपारपर्यंत त्रेसष्ट उत्तरं आली. डोसाबद्दल एकही नाही.

खरेदी खात्याचे काइरोल्ला यादीत सहावे होते. प्रोग्रॅमिंगशी त्यांचा संबंध खुर्च्या आणण्यापुरता. सर्वांत जुने प्रोग्रॅमर ओराज, वडीलधारे म्हणून ओराज आगा, नववे होते. ‘वयाने असेल तर मी दुसरा,’ ओराजनी लिहिलं, ‘हुद्द्याने असेल तर खुर्च्यांनी कोड लिहावा.’ काइरोल्लांनी उत्तर दिलं की मग ओराजनी बसायची खुर्ची परत करावी. हिशेबनीस बाईंनी विचारलं, बायका सगळ्या विसाव्या नंबरानंतरच का? कुणीतरी क्रम बदलून फाइल परत पाठवली, लगेच दुसऱ्याने आपला क्रम चढवून पाठवली, आणि दोन्ही एकमेकांना भिडल्या. जुनं तुयिन बिचारं दर दहा मिनिटांनी थांबून विचारत राहिलं, यातली कुठली ठेवू?

“आपाय, लोक एकमेकांशी बोलेनासे झालेत,” मोल्दिर धावत येऊन म्हणाली.

“चांगलंय. कामं होतील.”

तीन वाजता तोके स्वतः खाली आले. चेहरा उतरलेला. ओराज आगा त्यांचे व्याही होते, तोकेंची मुलगी त्यांच्या घरात दिलेली. जेवणाच्या सुट्टीत तोकेंच्या बायकोचा फोन येऊन गेला होता.

“व्याह्यांना नववं लावलंय, कुल्पाश! खुर्चीवाल्याच्या खाली! मी वाचलंच नव्हतं.”

“डोसाचा कागद वाचला होता ना?”

तोकेंनी इकडेतिकडे पाहिलं. “तो बदल परत पाठव. आजच. फलकाचं मी बघतो.”

कुल्पाशने नकार लिहिला. कारण एकच दिलं, डोसाचं. व्याह्यांचा उल्लेख केला नाही. तेवढी इज्जत तिने अवजाराची राखली.

दुसऱ्या दिवशी मैरझान मिठाईचा डबा घेऊन आला. तिने त्याला बसवलं, वाटीत थोडा दुधाचा चहा ओतला. त्याने अर्धी वाटी होईपर्यंत हवामान, तिची तब्येत, आल्माटीची रहदारी सगळं उरकलं.

“आपाय, एक विनंती. बदल गेला, ठीक. पण ती यादी... इतिहासात राहिलीय. कोण कितवा, सगळं माझ्या नावाने. तुमच्याकडे किल्ली आहे. एवढं पुसून टाकाल?”

“का? तू तर अभिमानाने लिहिली होतीस.”

“ओराज आगा जिन्यात मान फिरवतात. काइरोल्ला आगांनी माझी खुर्ची नेली. मी उभ्याने काम करतोय.”

“उभ्याने कोड बरा येतो म्हणतात.”

“आपाय, दहा वर्षांनी कुणी उघडून वाचलं तर?”

“तर त्याला दिसेल, अमुक दिवशी मैरझानने हे लिहिलं आणि अमुक दिवशी कुल्पाशने नाही म्हटलं. तुयिन बनवलंय ते त्याच्यासाठीच रे. मोल्दिरची ओळ गळू द्यायची नाही, आणि तुझीही नाही.”

मैरझानने उरलेला चहा संपवला. मग सवयीने त्याने रिकामी वाटी पुढे केली.

कुल्पाशने ती काठोकाठ भरली. त्यांच्यात ज्याला बसवून घ्यायचं असतं त्याला चहा थोडाथोडा ओततात, म्हणजे तो पुन्हापुन्हा मागेल. भरलेली वाटी मिळाली की पाहुण्याने काय ते समजायचं. मैरझान समजला. एवढं तरी त्याला समजत होतं. चहा न सांडता वाटी खाली ठेवायला त्याला दोन्ही हात लागले, आणि तो उठला.