कांडीचा कौल

त्या सोमवारी सकाळी धरणाच्या काठी सुमारे दोनशे माणसे जमली होती, आणि त्यांपैकी निम्म्यांच्या हाती कोयते व कुऱ्हाडी होत्या. सर्वांची दृष्टी एका अरुंद काचेच्या पेटीवर खिळली होती. पेटीत धरणाचे पाणी होते आणि त्या पाण्यात वीतभर लांबीची एक हिरवी कांडी अगदी ताठ उभी होती. तिला दोरा नव्हता, खालून आधार नव्हता. पेटीमागे भगवी कफनी व काळा गॉगल धारण करून सागरनाथ महाराज विराजमान झाले होते. महाराज स्वतःस समुद्रपुत्र म्हणवीत. त्यांच्या अंगास मात्र समुद्रापेक्षा अत्तराचाच वास अधिक येत असे.

"देव उभा राहिलाय, रागानं उभा राहिलाय," महाराज उद्गारले. "तुमची मासळी का घटली? त्या झाडीत साती आसरा बसल्यात, पाण्यातल्या बाया. त्यांनी मासा आवळून धरलाय."

ती झाडी म्हणजे जलाशयाच्या उथळ टोकाचे वाळुंजीचे रान. पावसाळ्यात ते निम्मे पाण्यात बुडते, आणि मासे तेथेच अंडी घालतात. तेथे कोणी जाळे टाकू नये, हा दंडक सोपानदादांनी घालून दिलेला. जमिनी पाण्याखाली गेल्यावर नांगर सोडून होडीत बसलेल्या पहिल्या मंडळींपैकी ते एक. परंतु दोन वर्षे जाळी रिकामी येत होती, मुलगा होडी विकून चाकणला जाण्याच्या गोष्टी बोलत होता, आणि त्या दिवशी सोपानदादांच्याही हाती कोयता होता. हे पाहून गर्दीत उभ्या असलेल्या मला जितके दुःख झाले, तितकी लाजही वाटली.

महाराजांनी देवास विचारले की, झाडी तोडली तर तू शांत होशील काय. मग विभूतीच्या पाच मुठी पेटीत सोडल्या, मोरपिसाच्या देठाने पाणी ढवळले, आणि जलं जलं खळबळं अशा कोणत्याही भाषेत न बसणाऱ्या मंत्राचा पाऊस पाडला. पाणी स्थिरावले. कांडी कलली, आणखी कलली, आणि सर्वांच्या देखत पाण्यावर आडवी झाली.

"देव निजला. कौल मिळाला."

सोपानदादांच्या पत्नी साळुबाई यांनी हात जोडले. ध्वनिक्षेपक धरून उभ्या असलेल्या आदेशने जयघोष केला. हा आदेश काठावर सहलीकरूंसाठी तंबू ठोकण्यास ती झाडीची जागा वर्षभर मागत होता. महाराजांना स्वतःच्या गाडीतून तोच घेऊन आला होता, ही गोष्ट सर्वांना ठाऊक होती आणि कोणालाही सुचत नव्हती. पेटीतील पाणी तीर्थ म्हणून वाटले गेले. ते डोळ्यांना लावावे, जिभेला लागल्यास वाचा जाईल, अशी महाराजांची आज्ञा. ज्यांचा जन्म ह्याच पाण्यावर गेला, ते दोनशे लोक ओंजळभर पाणी चाखण्यास भ्याले.

इतक्यात जुन्नरहून मासळी नेण्यास येणाऱ्या झुबेदाभाभी टेम्पोतून उतरल्या. त्यांचे माहेर कोकणात, खाडीकाठी. त्या गर्दीतून पुढे आल्या, कांडी पाहिली आणि चक्क हसल्या.

"अगं बया, हे तर कांदळाचं, खारफुटीचं बी. आमच्या खाडीत चिखलात लाखांनी पडतं. त्याला देव कोणी केलं?"

महाराज गरजले की, परक्या बाईचा हात लागला तर देव कोपेल. तेव्हा सोपानदादा पहिल्यांदा बोलले. "म्हाराज, पंधरा वर्सं आमची मासळी त्याच हातानं जाती. तवा न्हाई कोपला त्यो."

भाभींनी पेटी उपडी केली, धुतली आणि धरणाचे ताजे पाणी भरून कांडी सोडली. कांडी उभी राहिली. मग टेम्पोतून मासळीसाठी आणलेल्या मिठाची पिशवी काढली, पाच मुठी आत टाकल्या आणि बांगड्या वर सारून हातानेच ढवळले.

"देवा, हा महाराज लबाड आहे का?"

मीठ विरघळले. कांडी कलली आणि निवांत आडवी झाली.

"बघा, कबूल झाला," भाभी म्हणाल्या.

प्रथम एकजण हसला, मग सारा काठ हसला. आदेशचा ध्वनिक्षेपक तेवढा गप्प होता. सोपानदादांनी महाराजांच्या विभूतीच्या थैलीत बोट घातले आणि ते जिभेवर ठेवले. साळुबाई ओरडल्या, पण दादांची वाचा गेली नाही.

"मीठ हाय," ते म्हणाले. "वर राख भुरभुरलीय निस्ती."

गोड्या पाण्यात हे बी उभे तरंगते. मिठाने पाणी जड झाले की बी वर उचलले जाऊन आडवे होते. एवढाच तो देव, आणि एवढाच त्याचा कोप. महाराज गाडीच्या दिशेने ज्या वेगाने गेले, तो वेग समुद्रपुत्रास शोभणारा नव्हता.

भाभी मात्र हसण्यावारी नेऊन थांबल्या नाहीत. "माझा बाप कांदळाच्या फांदीला कोयता लावू देत नव्हता. कोळंबी, बोय, सगळ्यांची पिल्लं त्या मुळांत वाढतात. शेजारच्या गावानं कांदळ तोडलं, तिथं आता होड्या उलट्या पडल्यात. दादा, ही वाळुंज म्हणजे तुमचं कांदळ. मासा आसरांनी नाही आवळला. तुमच्या बारीक जाळ्यात बोटाएवढी पिल्लं येतात, ती मीच विकत घेते. आजपासून नाही घेणार."

यावर कोणी हसले नाही. सोपानदादांनी कोयता होडीत टाकला आणि तेथे पडलेले बारीक आसाचे, म्हणजे बारीक भोकांचे, जाळे उचलून काठावर आणले. ते मुलाचे होते. मग त्यांनी पुन्हा कोयता घेतला, आणि त्या दिवशी तो चालला तो फक्त त्या जाळ्यावर.

वाचकहो, आपणांपुढेही कोणी तीर्थ धरील आणि चाखू नका म्हणेल. त्या क्षणी बोट बुडवून अवश्य जिभेवर ठेवावे. खरे असेल त्यास चाखण्याचे भय नसते.