माहेरी कळवू नये

डॉक्टरांनी जुनी फाइल उघडली, दोन पानं वाचली आणि घाईनं मिटली. तिथंच सकुबाईच्या मनात पाल चुकचुकली. छातीतली गाठ दाखवायला ती शहापूरच्या दवाखान्यात आली होती. धाकटी बहीण रंजिता दीड वर्षापूर्वी याच दुखण्यानं, इथंच गेली, असं तिनं सांगितलं आणि मग ती फाइल निघाली. डॉक्टर म्हणाले, आधी तुमची तपासणी करू.

धसईच्या बाजारात भाजी विकून सकुबाई माणसं ओळखायला शिकलेली. कुठंतरी पाणी मुरत होतं. रंजिताच्या नवऱ्यानं, महिपतनं, उपचारात हयगय केली आणि डॉक्टरला गप्प बसवलं, असं तिनं पक्कं धरलं. त्याच्या घरी जाऊन खोदून खोदून विचारलं, तर पठ्ठ्या ताकास तूर लागू देईना. डॉक्टरांनाच विचारा, म्हणाला, तेही जमिनीकडं बघत. मग तर तिची खात्रीच पटली.

पुढच्या खेपेला लेक सोनाली आणि तिची सासू सोबत आल्या, त्या बाहेर बसल्या. गाठ वाईट निघाली होती. तरी सकुबाई उठेना. बहिणीची फाइल दाखवल्याशिवाय हलणार नाय, म्हणाली.

डॉक्टरांनी नाइलाजानं सांगितलं. रंजिताच्या जनुकांची चाचणी झाली होती. दोष रक्तातूनच आलेला. बहिणीत, बहिणीच्या लेकीतही असू शकेल असा. वेळीच कळतं तर गाठ धरण्याआधी लक्ष ठेवता आलं असतं. पण रुग्णाचा अहवाल तिच्या परवानगीशिवाय दुसऱ्याला सांगायचा नसतो, आणि रंजितानं लिहून दिलं होतं. त्यांनी कागद पुढं सरकवला. 'माहेरी कळवू नये. सोनालीचं लग्न झाल्यावर मी स्वतः सांगेन.' खाली बहिणीची वाकडी सही.

सकुबाईनं सही ओळखली. सोनालीचा तेव्हा साखरपुडा झाला होता. घराण्यात असलं दुखणं कळलं तर लग्न मोडेल, हळद उतरेपर्यंत तोंडातून चकार शब्द काढू नको, असं रंजिताला बजावणारी तीच. रंजिताला कावीळ झालीय, असं व्याह्यांनाही तिनंच सांगितलेलं. लग्नाच्या महिनाभर आधी रंजिता गेली.

"ती गेल्यावर मी वकिलाला विचारलं," डॉक्टर म्हणाले. "तो म्हणाला, सांगितलंत तरी केस होईल, नाही सांगितलंत तरी होईल. मी गप्प बसलो. आज दाखवलं, तेही कायद्यात बसतं की नाही, ठाऊक नाही."

"मेलेल्या माणसाचा शब्द राखलात. जित्यांचं काय?"

तिला डॉक्टरांचा राग आला होता, स्वतःचा त्याहून जास्त. डॉक्टरांनी तिच्याच जनुकांच्या चाचणीचा कोरा अर्ज काढला आणि अहवाल कुणाकुणाला कळवायचा ते विचारलं. तेवढ्यात दार ढकलून सोनालीची सासू डोकावली. काय म्हणाले डॉक्टर, विचारू लागली. तिच्यामागं पाचव्या महिन्याचं पोट सांभाळत सोनाली उभी होती.

"दोघी आत या," सकुबाई म्हणाली. "विहीणबाई, लग्नाच्या वेळेला मी तुमाला खोटं सांगितलं होतं."